कम्फर्ट झोन सोडायला लडाखला जायची गरज नाही भो: खान्देशात राहून क्रिएटिव्हिटी कशी वाढवायची

कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच बुलेट येते, लडाख येतं, नाहीतर नोकरी सोडून स्टार्टअप काढलेला कोणीतरी रीलमधला पोरगा येतो. त्या सगळ्याचा तुमच्या कवितेशी, चित्राशी, फोटोशी किंवा रांगोळीशी फारसा संबंध नाही. लडाखला जाऊन पण माणूस तोच फोटो काढून येतो, गाडीवर उभं राहून हात पसरलेला. मी जे सांगतोय ते जरा वेगळं आहे. राहा तिथेच, काम पण तेच करा, फक्त त्या कामात तुमचा हात जिथे विचार न करता आपोआप चालतो ती एक जागा धरा आणि तिथेच बदल करा. नवखेपणा तिथे आला पाहिजे.

पटत नसेल तर चाळीसगावचे केकी मूस बघा. जन्म १९१२ चा, मुंबईचा, कलेचं शिक्षण इंग्लंडात, आणि परत आल्यावर चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या घरात जे बसले ते १९८९ ला जाईपर्यंत क्वचितच घराबाहेर पडले. कम्फर्ट झोनच्या आजकालच्या व्याख्येत हा माणूस साफ नापास. पण घरातल्या घरात त्यांनी टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून, लाईट लावून अख्खी दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला, शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, संगीत हे सगळं चालूच. पाय घरात होते आणि काम सतत नवीन ठिकाणी जात होतं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, चाळीसगावला गेलात तर वाट वाकडी करून बघून या.

आधी तुमची चौकट कुठे आहे ते शोधा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग महिनाभर इकडेतिकडे हात मारत बसतात. तुम्ही शेवटच्या काही महिन्यांत जे केलंय त्यातल्या दहा गोष्टी काढा, दहा कविता, दहा फोटो, दहा डिझाईन, दहा पदार्थ, जे असेल ते. फोनमध्ये स्क्रोल करून बघू नका, जमलं तर प्रिंट काढून किंवा वहीत नावं लिहून जमिनीवर सगळं एकदम मांडा. मग वहीत लिहा: विषय काय, साधन काय, कुठे बसून केलं, किती वेळात केलं, भाषा कोणती, आणि कोणाला दाखवायला केलं. दहाच्या दहात जे सारखं निघेल ती तुमची चौकट.

समजा धुळ्यातला एक लग्नाचे फोटो काढणारा भाऊ आहे. दहा फोटो मांडले तर दिसेल की सगळे डोळ्यांच्या उंचीवरून काढलेत, नवरानवरी बरोबर मधोमध, फ्लॅश समोरून, आणि माणसं सगळी कॅमेऱ्याकडे बघतायत. फोटो वाईट नाहीत, पैसे पण वेळेवर मिळतात, पण त्याचा हात गेली कित्येक लग्नं झोपेत चालतोय. किंवा एखादी ताई कविता करते, दहापैकी आठ पावसावर नाहीतर आईवर, सगळ्या मुक्तछंदात, सगळ्या पुस्तकी मराठीत, सगळ्या रात्री अकरानंतर लिहिलेल्या आणि लगेच स्टेटसला टाकलेल्या. आता हिने काय बदलायचं हे कोणी सांगायची गरज उरत नाही, यादीच सांगते.

मांडताना थोडी लाज वाटते, वाटू द्या, कोणी बघत नाहीये.

मग एकच गोष्ट बदला, सगळ्या नको

उत्साहात माणूस विषय पण बदलतो, साधन पण बदलतो, नवीन ॲप घेतो, पहाटे चारला उठायचं ठरवतो आणि आठवड्यात सगळं बंद. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते, चुकीच्या डब्यात गेलं की विजेचा झटका. काम सोपं होतं तेव्हा झटका जोरात असला तरी उंदीर पटकन शिकले, पण काम अवघड केलं तेव्हा मध्यम झटक्यालाच सगळ्यात चांगलं शिकले, जास्त जोराच्या झटक्याला शिकणं मंदावलं. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही हे मान्य, नंतर या नियमाला लोकांनी वाट्टेल तिथे ताणलंय. पण अंदाज घ्यायला तो बरा आहे. नवीन काहीतरी तयार करणं हे अवघड कामच आहे, त्यावर भीतीचा डोस मोठा दिला की डोकं बंदच पडतं.

म्हणून स्वतःला एक ते दहामध्ये मार्क द्या. हे करायचं म्हटल्यावर पोटात किती गोळा येतो? एक-दोन असेल तर ते तुमच्या रोजच्यातलंच आहे. चार ते सहा असेल तर बरोबर. आठ-नऊ असेल तर तेच काम लहान करा. कवी संमेलनात वाचायचं नऊ वाटतंय तर आधी दोन मित्रांना चहाच्या टपरीवर वाचून दाखवा, ते पाच येईल.

फोटोवाल्या भावाने काय करायचं? पुढच्या हळदीला, पैशाचे नेहमीचे फोटो सगळे काढून झाल्यावर, अर्धा तास फक्त गुडघ्यावर बसून फोटो काढायचे आणि कोणालाही कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचं नाही. बाकी कॅमेरा तोच, लेन्स तीच, लग्न तेच. गिऱ्हाईकाच्या कामावर प्रयोग करायचा नाही हे मात्र पक्कं, ज्याने पैसे दिलेत त्याचं काम आधी नीट द्यायचं.

स्वतःला बांधून घ्या

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. मोकळीक मिळाली की आपण नेहमीच्या रस्त्याने जातो, रस्ता बंद केला की गल्लीबोळ शोधतो.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. असोद्याला १८८० मध्ये जन्म, जळगावात सासर, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतातलं आणि घरातलं काम करता करता गाणी रचली, मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून राहिली, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. त्यांच्या बऱ्याच ओळी मोजून बघा, आठ अक्षरांत बसतात. कागद नाही म्हटल्यावर ओळ तोंडात बसली पाहिजे, डोक्यात राहिली पाहिजे, त्यामुळे फालतू शब्दाला जागाच नाही.

तोच नियम आपण घेऊ. ओळीत अक्षरं आठ, जोडाक्षर एकच धरायचं, चार ओळी, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं पाहिजे. विषय मुद्दाम काहीतरी रुक्ष घ्या, प्रेम आणि पाऊस बंद. मी मे महिन्यात एसटीची वाट बघणं घेतो. पहिल्यांदा डोक्यात येतं, "बसस्टँडवर उभं राहून खूप वेळ झाला". हे गद्य आहे आणि लांब आहे. "बसस्टँडवर" यातच सहा अक्षरं गेली, तर स्टँड काढून टाकू, एसटीची वाट म्हटलं की स्टँड आलाच. "एसटीची वाट पाहे", मोजा, आठ. आता खूप वेळ झाला हे सांगायचंय पण "खूप वेळ" म्हणायचं नाही, तर वेळ दिसतो कशाने? ऊन सरकतं त्याने. "डोईवर ऊन आलं", आठ. आता "आलं" ला यमक हवं, झालं, प्यालं असलं काहीतरी, आणि प्यायचं म्हटलं की स्टँडबाहेरचा रसवंतीवाला आठवतो:

एसटीची वाट पाहे
डोईवर ऊन आलं
तिकिटाच्या पैशामधी
ऊसरस पिणं झालं

काही फार थोर नाही, पण बघा ना, तिकिटाचे पैसे रसात गेले ही गंमत मला सुरुवातीला सुचलेलीच नव्हती, ती यमकाने ओढून आणली. मुक्तछंदात मी "उन्हाच्या झळा" वगैरे लिहून मोकळा झालो असतो. रोज एक असं आठवडाभर करा. चित्र काढणाऱ्याने एकच रंग आणि एकच ब्रश घ्यावा. स्वयंपाक करणाऱ्याने आठवडाभर कांदा-लसूण सोडून चव काढून दाखवावी, आपल्याकडे काळ्या मसाल्याच्या तर्रीवर सगळं निभावून नेतात त्यांना तर हे फारच अवघड जातं. व्हिडिओ करणाऱ्याने एका आठवड्याचे व्हिडिओ बॅकग्राऊंड म्युझिकशिवाय करावे.

पहिल्या पाच कल्पना फेकून द्या

हा व्यायाम सोपा आहे, दहा मिनिटांचा. गिलफर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक प्रसिद्ध टेस्ट आहे, साधी वस्तू द्यायची, वीट म्हणा, आणि तिचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात ते विचारायचं. वीट कशाला, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाने केळीचं खोड घ्यावं. पहिल्या फटक्यात येतं ते सगळ्यांना येतं: मंडपाला खांब, खत, दोरा, ढोराला चारा, पुरात तराफा. मग डोकं अडतं. तिथे उठायचं नाही. अडल्यावर जे येतं ते खरं तुमचं, म्हणजे उभ्या खोडात खाचा पाडून मेणबत्त्या लावणं, आडवा काप घेऊन त्याच्या जाळीदार छापाने कापडावर ठसे मारणं, उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीला सालीचं वेष्टण. अशा यादीत उशिरा येणाऱ्या कल्पना जास्त वेगळ्या असतात हे नंतरच्या अभ्यासांत पण दिसलंय. त्यामुळे लोगो असो, कथेचा शेवट असो की गणपतीची आरास, किमान पंधरा लिहा आणि पहिल्या पाचांवर काट मारा.

जिथे तुम्हाला काहीच येत नाही तिथे जाऊन बसा

आपण ज्या कामात तरबेज असतो त्यात चुकायचं विसरलेलो असतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी पूर्ण नवशिके व्हा, आणि यासाठी कोर्सला पैसे घालू नका, आजूबाजूला भरपूर आहे.

घरात खापरावरचे मांडे करणारी आजी किंवा काकू असेल तर तिच्याकडे बसा. चपाती लाटण्यात ज्यांची हयात गेली त्यांचा पण इथे कस लागतो. पीठ सैल, त्यात पुरण भरायचं, थोडं लाटून झालं की पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत ती स्वतःच्याच वजनाने मोठी होऊ द्यायची, पार कोपरापर्यंत येते, मग उलट्या ठेवलेल्या तापलेल्या खापरावर एका झटक्यात टाकायची. शिकणारा घाबरून बोटांनी धरायला जातो आणि बोट लागलं की पोळीला भोक पडतं. "हातवर खेळू दे तिले, धरू नको", एवढंच आजी सांगते, आणि तुम्ही लिहिणारे असा की गाणारे, हे हाताला समजायला जो वेळ लागतो तो अनुभव कामाचा आहे. पहिल्या दोन-तीन पोळ्या फाटतात त्या खायला तशाही चांगल्याच लागतात.

गावात वहीगायनाचं, म्हणजे आपल्याकडच्या पारंपरिक लोकगाण्यांचं, मंडळ असेल, भजनी मंडळ असेल तर मागे बसून कोरस धरा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची गाणी म्हणणाऱ्या बाया असतील तर एक गाणं पूर्ण पाठ करा आणि त्याच चालीत एक कडवं स्वतःचं जोडा. कानबाई देवीच्या जागरणाच्या रात्री गाणी चालतात तेव्हा मोबाईलवर शूटिंग करत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

घरची भाषा लिहून बघा

घरात अहिराणी, लेवा बोली, तावडी नाहीतर गुजरी बोलायची आणि टाईप करायला बसलं की एकदम पुण्याची मराठी, हे आपल्यातल्या बहुतेकांचं आहे. इथे भीती दोन प्रकारची असते, एक म्हणजे लोक गावठी म्हणतील, दुसरी म्हणजे स्पेलिंग चुकेल. स्पेलिंगचं टेन्शन सोडा, कोणी "काय करी राहिना" लिहितं, कोणी "ऱ्हायना" लिहितं, वाचणाऱ्याला दोन्ही कळतं. फक्त अहिराणी म्हणजे कॉमेडी ही सवय मोडायची आहे. हसवायला सगळेच वापरतात. तुम्ही त्यात एखादं दुःखाचं, नाहीतर हिशोबाचं, नाहीतर भांडणाचं लिहून बघा.

त्यासाठी कान तयार करायचा असेल तर अर्धा तास बाजारात नाहीतर भुसावळ स्टेशनवर बसा, फोन खिशात, आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं वहीत उतरवा. भुसावळ याला फार भारी आहे, जंक्शन असल्यामुळे एका बाकावर चार भाषा बसलेल्या असतात. कोणाचं नाव, कोणाचं घरगुती प्रकरण उचलून जगजाहीर करू नका, बोलण्याची लय तेवढी घ्या.

लांब जायचंच असेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आहे, होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची होळी आहे. पण तिथे जाऊन पावरा नाहीतर भिल्ल बाईचा दागिन्यांसकट क्लोजअप काढून आणणं याला मी तरी क्रिएटिव्हिटी म्हणत नाही, सगळे तेच काढतात. आणि आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. त्यापेक्षा अर्धा दिवस नुसते फिरा आणि घरी येऊन आठवणीतून चित्र काढा.

आणि उन्हाचं बघा. मे मध्ये जळगाव-भुसावळला ४५ डिग्रीच्या पुढे जातं, दुपारी बाराला स्केचबुक घेऊन फिरणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ बाहेर, दुपारी केकी मूस पद्धत, म्हणजे घरात टेबलावर.

अडलं की सोडून द्या, पण नीट सोडा

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे मांडले होते: तयारी, मुरत ठेवणं, सुचणं आणि मग तपासणं. लोक मधला मुरायचा टप्पा कापतात, अडलं की रील बघतात. रील बघण्यात डोक्याला मुरायला जागाच मिळत नाही. त्याच्याऐवजी हात गुंतलेले आणि डोकं रिकामं असं काम करा, शेंगा फोडणं, भांडी घासणं, चालत किराणा आणणं. शेतकरी माणसाला तर रात्रीची लाईट आली की पाणी भरायला जावंच लागतं, त्या वेळेत कानात हेडफोन घालू नका एवढंच. पण उठायच्या आधी नक्की कुठे अडलं ते एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर मुरायला काही टाकलेलंच नसतं.

दाखवायचं कोणाला

लाईक आणि "भारी भो" हाच खूप जणांचा खरा कम्फर्ट झोन असतो. महिनाभर प्रयोगाचं काही स्टेटसला टाकू नका. एक माणूस निवडा जो तोंडावर बोलतो आणि त्याला "कसं वाटलं" असं विचारू नका, त्यावर उत्तर "छान" हेच येणार. "कुठे कंटाळा आला?" विचारा. "काय कळलं नाही?" विचारा. आणि तो बोलत असताना समजावून सांगायला लागू नका, वहीत लिहून घ्या.

घरचे वेगळे. आबा विचारणारच, "पोट भरी का यानी?" त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न बरोबर आहे, कापसाचा भाव पडलेल्या वर्षी तर फारच बरोबर आहे. "नाही आबा, पोट नोकरीवर भरेल, हे रोज अर्धा तास" असं सांगून टाका आणि खरंच अर्ध्या तासाचंच करा. नोकरी सोडू नका, कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. पहिल्या महिन्याला पाचशे रुपये लिमिट ठेवा, त्यात वही, पेन, रंग आणि बसभाडं निघतं.

बायकांसाठी एक वेगळं सांगायला हवं. "बाहेर पडा, अनोळखी लोकांत मिसळा" हे पुरुषांनी लिहिलेले सल्ले असतात. ज्या ताईला संध्याकाळनंतर एकटीने बाहेर जायचं तर चार जणांना उत्तर द्यावं लागतं तिने जागा बदलायच्या मागे न लागता साधन नाहीतर भाषा बदलावी, किंवा रोजच्या कामातच जागा काढावी. भाकरी थापताना फोनवर व्हॉइस रेकॉर्डिंग चालू ठेवून तोंडाने ओळी रचणं हे कागदावर लिहिण्यापेक्षा वेगळं निघतं, करून बघा. आणि रोज अर्धा तास घरच्यांनी चहा आपला आपण करून घ्यावा, ही पायरी त्यांची.

महिन्याचं गणित

पहिला आठवडा फक्त दहा गोष्टी मांडून चौकट शोधायची आणि केळीच्या खोडाचा व्यायाम. दुसऱ्या आठवड्यात एक बंधन, रोज. तिसऱ्या आठवड्यात तेच बंधन ठेवून जागा किंवा भाषा बदला. चौथ्या आठवड्यात नवीन काही करू नका, जे जमलंय त्यातली एक गोष्ट तुमच्या नेहमीच्या कामात आणा. हळदीतला गुडघ्यावरचा अँगल पुढच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका पानावर आला पाहिजे, आठ अक्षरांची शिस्त त्या ताईच्या पावसाच्या कवितेत यायला पाहिजे. नाहीतर प्रयोग वेगळा आणि काम वेगळं असं होऊन बसतं.

मध्येच सोडावंसं वाटलं तर बघा की कंटाळा आहे की भीती. कंटाळा असेल तर बंधन बदला. भीती चार-सहाची असेल तर चालू ठेवा. पण झोप उडाली, कामावर लक्ष लागेना, घरात चिडचिड व्हायला लागली तर आठवडाभर बंद करून नेहमीचंच करा, त्यात काही कमीपणा नाही. आणि महिनाभरातलं फसलेलं काही डिलीट करू नका, तारीख टाकून एका फोल्डरमध्ये ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत उघडा, त्यातूनच पुढच्या महिन्याला काय बदलायचं ते ठरवा.